हलव्याचे दागिने: डिंक नको, दोरा घ्या

हलव्याचा दागिना अंगावरून उतरला की खाता आला पाहिजे. माझी एवढी एकच अट आहे आणि पुढे जे लिहिलंय ते सगळं या अटीतूनच आलंय. हल्ली तयार संच मिळतात, त्यांत पुठ्ठा, डिंक, सोनेरी लेस, प्लॅस्टिकचे मोती सगळं असतं आणि हलवा मात्र तोंडी लावण्यापुरता. फोटोला उत्तम. पण बोरन्हाणाला बसवलेलं बाळ मनगटी घातल्या घातल्या तोंडात नेतं, आणि नव्या सुनेच्या हाराचा एखादा दाणा धाकटी नणंद तोडून खाणारच. तिथे डिंकाचं काय काम?

माझं माहेर वाईचं, सासर डोंबिवलीचं. वाईच्या थंडीत हलवा आपसूक काटे धरतो. डोंबिवलीत दमट हवेशी भांडून ते मिळवावे लागतात. आत्याकडून शिकले ते सगळं वाईचं होतं, त्यामुळे इथल्या हवेसाठी काही गोष्टी मी बदलल्या आहेत. त्या जिथल्या तिथे सांगेन.

आधी कॅलेंडर बघा. संक्रांत बहुतेक वर्षी १४ जानेवारीला येते, कधी १५ला; २०२४ मध्ये १५ला होती. हळदीकुंकू आणि बोरन्हाण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत चालतात, फक्त दुसऱ्या दिवशीची किंक्रांत सोडायची. रथसप्तमी तिथीवर असल्यामुळे पुढेमागे होते: २०२५ला ती ४ फेब्रुवारीला होती, २०२६ला २५ जानेवारीला. म्हणजे काही वर्षी तीन आठवडे हाताशी असतात, काही वर्षी जेमतेम दीड. सुनेचा संच संक्रांतीच्या दिवशीच लागतो, बाळाचा थोडा मागे गेला तरी चालतो. मी हलवा डिसेंबरात करून ठेवते आणि गुंफायला जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बसते.

हलवा घरी करायचा असेल तर

विकतचा आणलात तरी हरकत नाही, पण काटा बघून घ्या. यंत्राच्या ड्रममध्ये फिरवलेला हलवा बऱ्याचदा गुळगुळीत असतो. खायला ठीक, पण त्यावरून दोरा घसरतो. दाणा चिमटीत धरून फिरवला की बोटाला टोचला पाहिजे. पुडीच्या तळाला पिठासारखा भुगा दिसला तर काटे आधीच झडलेत, ती पुडी परत ठेवा.

घरी करणार असाल तर आत काय घालायचं ते दागिन्यावरून ठरवा. साबुदाण्याचा हलवा गोल येतो, तो मोत्यांच्या जागी. खसखशीचा आणि तिळाचा बारीक. ठुशी, नथ, बिंदी यांना. कलिंगडाच्या किंवा खरबुजाच्या सोललेल्या बियांचा लांबट येतो, त्याच्या पाकळ्या होतात. डाळं आणि शेंगदाणा पदकाच्या मध्यभागी. लवंगेवरही चढवतात आणि ती दिसते फार सुरेख, पण लवंगेचा देठ नाजूक असतो, पहिल्या वर्षी नादी लागू नका.

अर्धी वाटी साबुदाणा मंद आचेवर नुसता कोरडा करून घ्या, फुलू देऊ नका. तीन वाट्या साखरेला दीड वाटी पाणी घालून उकळी आणा, चमचाभर दूध घाला. मळी वर येईल, ती काढून टाका आणि पाक मलमलीतून गाळा. एकतारीच्या जरा अलीकडे थांबायचं. यात लिंबू पिळायचं नाही. गुलाबजामाच्या पाकात लिंबू चालतं कारण तिथे साखर बसू द्यायची नसते. आंबटपणामुळे साखरेची फोड होते आणि पाक दाणेदार होत नाही. आपल्याला नेमकं दाणेदार व्हायलाच हवं आहे. पाकाचं भांडं गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा, म्हणजे तो शेवटपर्यंत कोमट राहील.

पूर्वी कोळशाच्या शेगडीवर पितळी परात ठेवत. मी गॅसच्या सगळ्यात लहान बर्नरवर जाड तवा आणि तव्यावर परात ठेवते. परात अशी तापलेली हवी की हात टेकवता येईल पण ठेवता येणार नाही. साबुदाणा त्यात पसरा, चहाचा चमचाभर पाक फिरवून सोडा आणि लगेच बोटांच्या टोकांनी हलवायला लागा. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, सगळे दाणे सतत लोळत राहिले पाहिजेत. ओले असतात तोवर आवाज मंद येतो, सुकले की परातीवर खडखड वाजतात. खडखडाट ऐकल्याशिवाय पुढचा चमचा टाकायचा नाही. घाई झाली की दाणे एकमेकांना चिकटून गठ्ठे होतात. आच वाढवली तर साखर पिवळी पडते आणि आधी आलेले काटेही गळतात.

काटे येतात ते असे: दाण्यावर कुठेतरी बारीक उंचवटा असतो, लोळताना तोच परातीला टेकतो, पाक तिथे लागतो आणि तिथेच सुकतो. उंचवटा वाढत जातो. म्हणून पाक थोडा आणि हलवणं अखंड, एवढंच या कामाचं मर्म. जपानात कोंपेइतो नावाची काटेरी साखरगोळी असते, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात तिथे नेलेल्या मिठाईतून आलेली. ती तापलेल्या, तिरप्या फिरणाऱ्या कढईत अशीच थेंबाथेंबाने वाढवतात आणि एक घाणा व्हायला आठवडा-दोन आठवडे घेतात. आपल्या बायका घरच्या परातीत दोन-तीन दिवसांत उरकतात, त्यामुळे काटा जरा कमी आला तरी मनाला लावून घेऊ नका.

पहिल्या दिवशी दाणे नुसते पांढरे होतील. काटे दुसऱ्या दिवशी डोकावतात. मधूनमधून दाणे ताटात काढून परात ओल्या फडक्याने पुसा आणि कोरडी करा, कारण परातीला चिकटलेली साखर नव्या काट्यांना ओढून घेते. पहाटेची वेळ चांगली, हवा गार असते आणि मुलं झोपलेली असतात. डोंबिवलीत मी खिडक्या बंद करते आणि त्या वेळात घरात दुसरं काही शिजवत नाही. कुकरची एक वाफ सकाळभराच्या कामावर पाणी फिरवते. रात्री दाणे पातळ कापडाखाली ताटात पसरून ठेवायचे, डब्यात बंद करायचे नाहीत. पिवळा हवा असेल तर शेवटच्या काही चमच्यांना केशराचा पाक. बाकी रंगांच्या भानगडीत मी पडत नाही. काळ्यावर पांढरं, याच्यासारखं दुसरं काही दिसत नाही.

निवडणं

हे काम कंटाळवाणं आहे आणि टाळता येत नाही. हलवा आधी रव्याच्या चाळणीतून काढा, भुगा खाली जाईल. मग गव्हाच्या चाळणीतून, म्हणजे बारीक आणि मोठे वेगळे होतील. मोठ्यांतून हाताने पुन्हा तीन वाट्या करा: एकसारखे गोल, लांबट, आणि वेडेवाकडे. वेडेवाकडे खायला. दागिना हातात घेतल्यावर तो नीटनेटका दिसतो की ओबडधोबड, ते नव्वद टक्के इथेच ठरतं.

सुनेच्या पूर्ण संचाला पाव ते अर्धा किलो हलवा लागतो, दागिने किती आणि हार किती पदरी यावर. थोडा जास्तच घ्या, गुंफताना काही फुटतात आणि काही घरातले येता-जाता उचलतात.

दोरा आणि गाठ

दोरा सुती, पांढरा, गोधडी शिवायचा जाडसर. नायलॉन नको, तो गाठीत घसरतो आणि काटे कापतो. शिवणयंत्राचा बारीक दोरा घ्यायचा तर दुहेरी करा.

हलव्याला भोक पाडायच्या फंदात पडू नका. सुई घातली की साखर तडकते. गजरा गुंफणारी बाई फुलाला भोक पाडत नाही, देठाला दोऱ्याचा फास टाकते. इथेही तेच, फक्त देठाच्या जागी दाण्याची कंबर. एक दोरा आडवा ताणून बांधा, खिडकीच्या गजाला किंवा खुर्चीच्या दोन हातांना. आत्या पायाच्या अंगठ्याला बांधायची. दुसरा दोरा गुंफणीचा. दाणा ताणलेल्या दोऱ्याला टेकवून धरा, गुंफणीचा दोरा दाण्याच्या मधोमध, काट्यांच्या खाचेतून एकदा फिरवा, मग ताणलेल्या दोऱ्याखालून काढून स्वतःच्याच फासातून ओढा. गाठ दाण्याच्या कडेला बसली पाहिजे, डोक्यावर नाही. ओढताना एकदम हिसका नको, सावकाश आवळत जा. काटे दोऱ्याला धरतात ते हाताला कळतं. तिथे थांबा. त्याहून जास्त ओढलं की दाणा दुभंगतो.

पुढचा दाणा पहिल्याला खेटून. मध्ये जागा सोडली तर हार गळ्यात पडल्यावर दोरा दिसतो. वीतभर झालं की उलटा धरून हलकेच झटका. जे पडायचे ते आत्ताच पडू देत.

हाराचे पदर करायचे असतील तर प्रत्येक पदर वेगळा गुंफा आणि शेवटी एकत्र बांधा. आतला पदर बाहेरच्यापेक्षा दोन-तीन बोटं आखूड.

ज्या दागिन्यांना पट्टी लागते त्यांना मी काळं सुती कापड आणि आत बक्रम, म्हणजे कॉलरच्या आत घालतात ते कडक कापड, घेते. पुठ्ठा हवाच असेल तर जुन्या लग्नपत्रिकेचा कोरा भाग कापडात गुंडाळून. कापड आधी धुऊन वाळवा. काळा रंग सुटला तर घामाने हलवा राखाडी होतो आणि मग तो कोणी खात नाही. पट्टीवर दाणा शिवताना सुई खालून वर, दाण्यावरून, पुन्हा खाली. मग दुसरा टाका पहिल्याला आडवा. वरून बघितलं तर फुली दिसते, पण काट्यांत ती हरवते. एकेक दाणा फुलीने पक्का करायचा, लांब टाके घालून तीन-चार दाणे एकदम ओढायचे नाहीत.

अगदीच कुठे चिकटवायची वेळ आली तर दोनतारी पाकाचा ठिपका. सुकला की दगड होतो. मैद्याची खळ नको, तिच्यातलं पाणी साखर खातं.

एकेक दागिना

दागिना ओळखू आला पाहिजे. हलव्याचा म्हणून काहीही गोल केलं आणि गळ्यात घातलं, असं नको. म्हणून करायच्या आधी खरा दागिना समोर ठेवा, आपला नसेल तर शेजारणीचा.

ठुशी सगळ्यात सोपी आणि सगळ्यात शोभते. बोटभर रुंदीची पट्टी गळ्याच्या मापाची, त्यावर तिळाचा हलवा तीन ओळींत दाटीवाटीने. दुसऱ्या ओळीतले दाणे पहिल्या ओळीतल्या दोन दाण्यांच्या मधल्या खाचेत बसवा. मागे दोरी आणि सरकता गोंडा, म्हणजे कोणाच्याही गळ्याला बसते.

तन्मणीला मोत्याचे बारीक पदर आणि मधे खोड, म्हणजे त्याचं पदक. पदर साबुदाण्याच्या हलव्याचे, आणि खोडासाठी रुपयाएवढी कापडी चकती, मधे एक डाळ्याचा मोठा दाणा, भोवती खरबुजाच्या बियांच्या पाकळ्या. पाकळीचं टोक बाहेर.

कुड्यांचं गणित आयतं आहे. मध्ये एक दाणा, भोवती सहा. सातही सारख्या मापाचे घेतले की बरोबर बसतात, मोजमाप लागत नाही. मागे कानाचा फासा शिवून टाका.

नथीवर वेळ घालवा, सगळ्यांचं लक्ष तिथेच जातं. बारीक तार वाकवून नथीचा आकार द्या, टोकं आत वळवा, आणि खसखशीचा किंवा अगदी बारीक तिळाचा हलवा तारेला दोऱ्याने गुंफा. खाली कोयरीसारखा घोस हवा. नथ जड झाली की नाक ओढतं, म्हणून मोठे दाणे टाळा. लाल खड्याच्या जागी एक लाल मणी चालेल, तो सोडून बाकी सगळं खाता येतं. गुंजा मात्र अजिबात वापरू नका. लालकाळी गुंज दिसते देखणी, पण ती विषारी असते. खाण्याच्या वस्तूत, तेही लहान मुलांच्या घरात, तिला जागा नाही. नथ सगळ्यात आधी ओघळते, श्वासाची वाफ लागून. म्हणून मी प्रत्येक संचात दोन देते.

मंगळसूत्रात काळे मणी खरेच घ्यावे लागतात. चार मणी, एक हलव्याचा दाणा, असं. वाट्यांसाठी कापडाच्या दोन लहान फुगीर चकत्या, आत थोडा कापूस. बांगड्यांना जुन्या धातूच्या बांगडीवर काळी पट्टी गुंडाळून वर दाणे शिवा. हाताला लागणारी आतली बाजू मोकळी ठेवायची, नाहीतर मनगट खरचटतं. बाजूबंद, बिंदी, कंबरपट्टा हे ठुशीचेच भाऊबंद, पट्टीची रुंदी तेवढी बदलते. कंबरपट्ट्याला दोन इंची पट्टी पुरते, आणि पुढच्या अर्ध्या भागालाच दाणे लावा. मागचं कोणाला दिसत नाही आणि बसताना चुरा होतो.

जावयाला हार आणि नारळ. नारळाला सोलून शेंडी ठेवा, घट्ट पातळ कापड शिवून त्यावर दाणे. हल्ली हलव्याचं घड्याळ आणि मोबाईलही करून मागतात. मी करत नाही, पण करणाऱ्यांशी भांडतही नाही.

बाळासाठी वेगळं

इथे मी कडक आहे. हलव्याचा दाणा बारीक आणि टणक असतो, तान्ह्याच्या घशात अडकू शकतो. म्हणून बाळाच्या दागिन्यात गुंफलेला हार नाही, सगळं कापडी पट्टीवर, प्रत्येक दाण्याला दुहेरी दोऱ्याची फुली. पिन नाही, तार नाही, नथ तर नाहीच. मागे बांधायला मऊ बंद. घालून झाल्यावर एकेक दाणा ओढून बघा. दागिने अंगावर असेपर्यंत एका मोठ्या माणसाने बाळावरून नजर हलवायची नाही, आणि ओवाळून, फोटो काढून झाले की उतरवायचे. डोक्यावरून बोरं, हरभरे, चुरमुरे, उसाचे करवे ओततानाही तेच: बाळाच्या तोंडात काही जात नाही ना बघा. लुटायला आजूबाजूची मोठी मुलं असतातच.

कृष्णाचा मुकुट म्हणजे कपाळपट्टी, समोर उंच त्रिकोण, त्यात मोरपीस शिवलेलं. बासरीला कागदाची घट्ट सुरळी, वर काळं कापड, त्यावर दाण्यांची एकच नागमोडी ओळ. मुलगी असेल तर राधेची बिंदी आणि वेणी. तिलाही मुकुट-बासरी द्यायला कोणाची ना नाही.

झबलं जुन्या काळ्या सुती साडीचं शिवा. चंद्रकळेचा जीर्ण पदर मिळाला तर त्याच्याइतकं मऊ नवं कापड नसतं. पुढचा आणि मागचा भाग प्रत्येकी बाळाच्या छातीच्या घेराच्या निम्मा अधिक चार बोटं. बाही वेगळी कापायची नाही, खांद्यापासून सरळ उतरती ठेवा. मागून उघडं, दोन बंद. शिवणी बाहेरच्या बाजूला पालथ्या घाला, आतून टोचणार नाहीत. दाणे फक्त खालच्या घेरावर. गळ्याशी लावले तर बाळ मान खाली घालून तेच चोखत बसतं.

ठेवणं, घालणं

पत्र्याच्या किंवा स्टीलच्या डब्यात, तळाला भाजून गार केलेल्या तांदळाची कापडी पुरचुंडी, त्यावर बटर पेपर, मग दागिने एका थरात. तांदूळ दमटपणा ओढतो. फ्रिजमध्ये ठेवू नका. बाहेर काढल्यावर गार साखरेवर पाणी सुटतं आणि सगळे काटे एका रात्रीत बोथट होतात. डबा पाण्याच्या ताटात ठेवा, मुंग्यांना पत्ता लवकर लागतो.

दागिने सगळ्यात शेवटी घालायचे. साडी, केस, पावडर, अत्तर सगळं झाल्यावर, आणि अत्तर पूर्ण सुकल्यावर. गळ्यातले दागिने कापडी पट्टीवर असले की मान चिकट होत नाही. नुसता गुंफलेला हार साडीच्या पदरावर येईल एवढा लांब ठेवा. मुंबईकडच्या हवेत तासाभराच्या वर अंगावर ठेवू नका. पंखा चालू, दिवे जरा लांब.

कार्यक्रम झाला की त्याच रात्री दागिने उलगडा. हाराचा ताणलेला दोरा एका टोकाला कापून ओढला की गुंफण सैल पडते आणि दाणे ताटात गळतात. पट्टीवरचे टाके मागून कापा, पुढून कापले तर दोऱ्याचे तुकडे दाण्यात राहतात. कुंकू-पावडर लागलेले बाजूला काढा, बाकीचे तिळगुळात मिसळून वाटून टाका. पट्ट्या धुऊन पुढच्या वर्षी चालतात. तळाशी उरलेला भुगा मी चहाला वापरते. केशराचा हलवा असेल तर तो खिरीसाठी राखून ठेवा.